तुझ्या वॉर्डाचा हिरवा चौकोन

प्रिय ताई,

दोन गल्ल्यांपलीकडे राहणारी बहीण पत्र कशाला लिहिते, असे तुला वाटेल. सकाळीच तुझ्याकडे येऊन गेले. चहा घेतला, छोटीची वेणी घातली, भाऊजींच्या प्रत्येक प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' एवढेच उत्तर दिले आणि जे सांगायला आले होते ते तसेच पोटात ठेवून परतले. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. जे बोलताना घशात अडकते ते मला कागदावर उतरवता येते. आज रविवार आहे, घरमालकीणबाई बाहेर गेल्या आहेत. खोलीचे दार मी आतून लावून घेतले आहे आणि खिडकीही. कोण बघणार आहे तुला, असे तू म्हणशील. कोणीही नाही. तरी लावली आहे.

सकाळी तू ओट्याशी पाठमोरी उभी होतीस. धुतलेलीच भांडी तू पुन्हा धुतेस, असे भाऊजी मला दाराशी हलक्या आवाजात म्हणाले. हसण्यावारी न्यायचा प्रयत्नही केला त्यांनी, म्हणाले, "आमच्याकडचे पेले आता आरपार दिसायला लागलेत." हसले मात्र कोणीच नाही. टेबलावर चौकशी समितीने पाठवलेला कागद होता आणि त्यावर आडवे ठेवलेले पेन. कर्तव्यात निष्काळजीपणा झाल्याचे मान्य करावे, म्हणजे शेरा आणि बदली यांवर प्रकरण मिटेल. मान्य नसल्यास ते पुढे परिचर्या परिषदेकडे जाईल. पुढे म्हणजे कुठवर, हे कागदात लिहिलेले नव्हते, पण आपल्या दोघींनाही ते कळले होते. नोंदणी रद्द झाली की तुला कुठल्याच रुग्णालयात उभे राहता येणार नाही. तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "सही करून टाकते गं. माझंच चुकलं असेल. मी तिथे असते तर आजोबा पडले नसते." मी त्या पेनाकडे बघत राहिले. ते उचलून रस्त्यावर भिरकावून द्यावे असे वाटले, आणि मी काय केले, तर रिकामा कप उचलून आत नेऊन ठेवला.

त्या संध्याकाळी काय झाले, हे तू मला इतक्यांदा सांगितले आहेस की मी तिथे होते असेच आता मला वाटते. अतिदक्षता विभागातून बाहेर काढलेल्या, पण घरी पाठवण्याइतक्या बऱ्या न झालेल्या माणसांचा तुझा वॉर्ड. सगळ्या खाटा भरलेल्या. अलीकडच्या खाटेवरच्या बाईंचा श्वास एकाएकी अडकू लागला म्हणून तू त्यांच्यावर वाकलेली, एका हाताने मास्क धरलेला, दुसऱ्या हाताने घंटी दाबत होतीस, आणि घंटी ऐकून यायला वॉर्डात दुसरे कोणी नव्हते. पलीकडच्या कोपऱ्यात ते माळीकाम करणारे आजोबा, जे तुला रोज गुलाबाच्या छाटणीचे धडे द्यायचे, ते खाटेचा कठडा ओलांडून बाथरूमला जायला उतरले आणि पडले. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, पण ते त्यातून उठले नाहीत. त्यांच्या मुलीने विचारले, "त्या वेळी सिस्टर कुठे होती?" तिचा प्रश्न खोटा नाही, ताई. आपल्या वडिलांच्या बाबतीत मीही तोच विचारला असता. पण त्याच्या आधीचा एक प्रश्न होता आणि तो कोणीच विचारला नाही. एवढ्या भरलेल्या वॉर्डात त्या वेळी एकच सिस्टर का होती?

त्याचे उत्तर माझ्या कार्यालयात आहे.

माझे काम नेमके काय, हे मी तुला कधी नीट सांगितले नाही. तू आपली सगळ्यांना सांगतेस, "आमची धाकटी कॉम्प्युटरवर आकडे बघते." तेही खोटे नाही. तुमच्या रुग्णालयाच्या सर्व शाखांचे आकडे आमच्या मध्यवर्ती कार्यालयात येतात आणि आम्ही त्यांचे रिपोर्ट बनवतो. पूर्वी प्रत्येक खात्याची आपापली फाइल असे. हिशेबखात्याचे रुग्ण वेगळे, औषधभांडाराचे वेगळे, स्वयंपाकघराचे वेगळे. बैठकीत निम्मा वेळ कोणाचा आकडा खरा यावर भांडण्यातच जाई. मग आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सगळ्यांसाठी मिळून एकच डेटासेट बांधला. आपल्या इमारतीच्या गच्चीवर टाकी असते ना, तशी ती एकच टाकी. पाणी तिच्यात भरायचे आणि ज्याला हवे त्याने आपला नळ तिला जोडायचा. हिशेबखात्याचा रिपोर्ट हा एक नळ, औषधांचा दुसरा, जेवणाच्या ट्रेंचा तिसरा आणि कोणत्या वॉर्डात किती परिचारिका द्यायच्या हे सांगणारा ड्युटीचा रिपोर्ट हा आणखी एक. नवा रिपोर्ट करायचा तर स्वतःची वेगळी विहीर खणायची नाही, असा आमचा नियम. नियम चांगलाच आहे. भांडणे थांबली. पण टाकीत कोणी काही बदलले तर ते इमारतीतल्या प्रत्येक घरी पोचते, आणि पोचल्याचे कोणालाही कळत नाही, कारण पाणी दिसायला तसेच असते.

या सहकाऱ्यांना सगळे 'मास्तर' म्हणतात, कारण पूर्वी ते शाळेत गणित शिकवत. मी नवी असताना मान खाली घालून बसायचे, तेव्हा त्यांनीच खुर्ची ओढून शेजारी बसत मला सगळे शिकवले. मला चिडवायचे, "तू रजेवर असलीस तरी कुणाला कळत नाही. आलीस की एकदा खोकत तरी जा." मला शिकताना वेळ लागला तर ते कधी उसासा टाकत नसत. म्हणून पुढचे लिहिताना माझा हात जड झाला आहे.

एकदा हिशेबखात्याने तक्रार केली की रुग्ण बिलांपेक्षा जास्त दिसतात. कारण साधे होते. एक माणूस आधी सर्वसाधारण वॉर्डात दाखल होतो, मग अतिदक्षता विभागात जातो, मग तुझ्याकडे येतो. माणूस एकच, पण प्रत्येक वॉर्डाची एक अशा त्याच्या तीन नोंदी होतात. हिशेबखात्याला तीन माणसे दिसत. वर्षअखेर जवळ आली होती, त्यांची घाई चालली होती, फोनवर फोन येत होते. मास्तरांनी प्रत्येक माणसाची पहिली नोंद ठेवली आणि पुढच्या गाळून टाकल्या. हिशेब जुळला, आभाराची मेल आली. ही गाळणी त्या एका नळाला लावायची होती, ती टाकीला लावली गेली. मास्तरांच्या हातून चूक घडली ती एवढीच.

आता तुझ्या वॉर्डाचा विचार कर. तिथे पहिल्यांदा येऊन कोण दाखल होते? जवळपास कोणीच नाही. तुझ्याकडे येणारा प्रत्येक जण दुसऱ्या वॉर्डातून आलेला असतो. बाहेरच्या एखाद्या रुग्णालयातून थेट तुझ्याकडे पाठवलेले दोघे-चौघे सोडले, तर तुझ्या खाटांवरची सगळी माणसे आमच्या डेटासेटमधून नाहीशी झाली. हे एका दिवसात झाले असते तर कोणीतरी दचकले असते. पण बदल नव्याने दाखल होणाऱ्यांपासून लागू केला होता. जुने रुग्ण बरे होऊन घरी जात गेले, नवे येऊनही मोजले जाईनात, आणि तुझ्या वॉर्डाचा आकडा ओहोटीसारखा हळूहळू उतरत गेला. ड्युटीच्या रिपोर्टात प्रत्येक वॉर्डाला एक चौकोन असतो. परिचारिका कमी पडत असतील तर तो लाल होतो, पुरेशा असतील तर हिरवा. तुझा चौकोन हिरवागार होता. रुग्ण कमी म्हणून तुझ्या जोडीची एक काढली, मग दुसरीही काढली, आणि चौकोन हिरवाच राहिला. ज्या सर्वसाधारण वॉर्डात ती माणसे पहिल्यांदा दाखल झाली होती, तिथे ती घरी जाईपर्यंत मोजली जात राहिली. तुझ्या जोडीदारणी तिकडे रिकाम्या खाटांशेजारी उभ्या होत्या.

तुमच्यापैकी कोणाला काही कळले नाही असे नाही. तूच मला हसत सांगितले होतेस की जेवणाचे ट्रे चुकून खालच्या मजल्यावर, सर्वसाधारण वॉर्डात जातात आणि वॉर्डबॉय ते वर आणून देतात, वर म्हणतात, "सिस्टर, तुमची माणसं जेवतात वर आणि राहतात खाली." औषधेही तुम्ही खालून मागवून घेत होता. सगळ्यांनी सांभाळून घेतले, ताई. प्रत्येकाने आपल्यापुरते पाणी उपसले आणि गळती तशीच राहिली. मेट्रनबाईंकडे तू दुसरी नर्स मागायला गेलीस, तेव्हा त्यांनी संगणकाचा पडदा तुझ्याकडे वळवला आणि म्हणाल्या, "कागदावर तुझ्याकडे चारच पेशंट आहेत." तू म्हणालीस, "मग त्या चौघांना कागदावरच औषध देते, बाकीच्यांना तुम्ही या." घरी येऊन तू हे सांगितलेस तेव्हा भाऊजी पोट धरून हसले होते. मीही हसले. तो चौकोन रोज माझ्या डोळ्यांसमोरून जात होता आणि मी हसले.

आजोबा गेल्यावर आमच्या विभागप्रमुख मॅडमनी मला बोलावले. चौकशी समितीसाठी त्या संध्याकाळचा एक रिपोर्ट हवा होता: वॉर्डात रुग्ण किती, परिचारिका किती, प्रमाण पुरेसे होते की नाही. लग्नानंतर तुझे आडनाव बदलले, त्यामुळे तू माझी कोण, हे तिथे कोणाला माहीत नव्हते. मी तेव्हाच सांगायला हवे होते. पण मॅडमच्या खोलीत माझ्या तोंडून शब्द निघत नाही, आणि मनात असेही आले की हे काम आपल्या हाती राहिले तर निदान नीट होईल. मी नियमाप्रमाणे तो रिपोर्ट सामाईक डेटासेटला जोडला. वेळ लागला नाही, सगळे तयारच असते. पडद्यावर हिरवा चौकोन उमटला. रुग्ण मोजके, परिचारिका पुरेशी.

त्या क्षणी माझ्या अंगातून जे गेले त्याला काय म्हणावे ते मला अजून ठरवता आलेले नाही. तुझ्याविरुद्धचा पुरावा मी माझ्या हाताने बनवला होता, आणि तो इतका नेटका होता की क्षणभर माझाच त्याच्यावर विश्वास बसला. ताईने आपल्याला खाटा भरल्याचे उगीच सांगितले का? मग मला तुझी माणसे आठवू लागली. नावे तू कधीच सांगत नाहीस, टोपणनावे सांगतेस. सलाईनच्या बाटलीशी भांडणाऱ्या मावशी, रात्रंदिवस क्रिकेटचा स्कोअर विचारणारे पहिलवान, बायकोचा हात सोडायला तयार नसलेला शिंपी, माळी आजोबा. ही एवढी माणसे त्या मोजक्या आकड्यात मावतच नव्हती. मी मागे शोधत गेले. एकेक जण सापडला, पण सगळे दुसऱ्याच वॉर्डांत. माळी आजोबा तर आमच्या नोंदीप्रमाणे खालच्या मजल्यावरच होते, तुझ्या वॉर्डात ते कधी आलेच नव्हते. मग ते पडले कुठे?

मी मास्तरांना सांगितले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि स्वतः सगळे तपासले. मग एवढेच म्हणाले, "दुरुस्त करायला चहा थंड होण्याएवढाही वेळ लागणार नाही." ते मॅडमकडे गेले आणि बऱ्याच वेळाने बाहेर आले. मॅडमचे म्हणणे असे की चौकशी चालू असताना आकड्यांना हात लावायचा नाही. ऐकायला हे अगदी न्यायाचे वाटते. पण आकड्याला हात लावला नाही, म्हणजे तो तसाच चालू राहिला. तू निलंबित आहेस, ताई, पण तुझ्या जागी आज कोणीतरी उभी आहे. मास्तरांनी कोणाला न विचारता मेट्रनबाईंना फोन केला आणि तुझ्या वॉर्डाला हाताने एक परिचारिका वाढवून घेतली. तेवढे ते करू शकले. बाकीच्या शाखांमध्येही तुझ्या वॉर्डासारखे वॉर्ड आहेत, टाकी सगळ्यांना मिळून एकच आहे, आणि तिला किती नळ जोडले आहेत, हे आता आमच्यातही कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. रोज संध्याकाळी नव्या ड्युट्या लागल्या की मी घड्याळाकडे न बघण्याचा प्रयत्न करते. रस्त्यावर रुग्णवाहिकेचा आवाज आला की हातातले काम सुटते. कुठल्या शहरात, कुठल्या कोपऱ्यातल्या खाटेवरून आत्ता कोण उतरू बघत असेल, आणि तिथली एकुलती सिस्टर कोणावर वाकलेली असेल?

परवा मॅडमनी मला पुन्हा बोलावले. त्यांच्या खोलीला काचेच्या भिंती आहेत; त्यांनी पडदे ओढून घेतले. त्या कधी आवाज चढवत नाहीत, म्हणून मला त्यांची जास्त भीती वाटते. स्वतः उठून त्यांनी माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला आणि म्हणाल्या, "ती तुझी सख्खी बहीण आहे ना?" कोणी सांगितले, ते मला कळले नाही. मी मान हलवली. मग त्या फार शांतपणे म्हणाल्या, "आकड्यांत बहीण आली की आकडा आकडा राहत नाही. उद्या तू तोंड उघडलंस, तर लोक म्हणतील बहिणीसाठी हिने आकडे फिरवले. तिची नोकरी जाईल आणि तुझीही. तू हुशार मुलगी आहेस." त्यांना दुष्ट म्हणायला माझे मन घेत नाही. हे बाहेर आले तर वर्षभराच्या सगळ्या रिपोर्टांवर बोट ठेवले जाईल आणि पहिले बोट त्यांच्यावर असेल. त्याही घाबरल्या आहेत. फक्त त्यांची भीती नीट इस्त्री केलेली असते, माझी चुरगळलेली.

तेव्हापासून मी नीट झोपलेली नाही. कार्यालयाच्या दाराला ओळखपत्र लावले आणि दिवा लागायला जरा उशीर झाला, तर वाटते, झाले, आपले कार्ड बंद केले. संगणकाने पुन्हा पासवर्ड विचारला तरी तेच वाटते. लिफ्टमध्ये दोघे जण बोलताना थांबले, तर ते आपल्याबद्दलच बोलत होते, असे वाटते. मी तिथून एकही कागद आणलेला नाही, एकही छायाचित्र घेतलेले नाही. घेतले असते तर त्यांना तेच हवे होते. आणि त्याची गरजही नाही. एक रुग्ण एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात गेला की खाटेच्या बदलीची नोंद तुम्ही सिस्टरच करता, रुग्णालयाच्या मूळ प्रणालीत. ती आमच्या टाकीच्या आधीची जागा आहे. तिथे कोणी काही गाळलेले नाही. समितीचा कोणताही कारकून ती उघडून त्या संध्याकाळी तुझ्या वॉर्डात किती माणसे होती, ते मोजू शकतो. माझ्यावर कोणी विश्वास ठेवण्याची गरज नाही, ताई. नुसते मोजण्याची गरज आहे.

इथवर लिहून मी उठले आणि मास्तरांच्या घरी गेले. एखाद्या माणसाबद्दल त्याच्या पाठीमागे लिहायचे आणि उजळ माथ्याने त्याच्यासमोर जायचे, हे मला जमले नसते. ते गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. मी त्यांच्यावरचा मजकूर त्यांच्या हाती दिला आणि चपलांपाशीच उभी राहिले. त्यांनी सावकाश वाचले, जणू वर्गातली वही तपासत होते. चुकीबद्दल मी 'चूक घडली असावी' असे लिहिले होते. तिथे बोट ठेवून ते म्हणाले, "असावी कशाला? घडली, असं लिही." मी त्यांच्यादेखतच तो शब्द खोडला, वर तुला खाडाखोड दिसेल ती त्याची आहे. त्यांच्या पत्नी आतून विचारत होत्या, कोण आलंय, पाणी देऊ का. मास्तर त्यांना म्हणाले, "काही नाही, ऑफिसातली मुलगी आहे." उद्या समितीसमोर येतो, असे ते म्हणाले नाहीत. येत नाही, असेही म्हणाले नाहीत. मी निघाले तेव्हा ते अजून त्या कागदाच्या जागी आपल्या रिकाम्या हातांकडेच बघत होते. ते आले नाहीत तर मी त्यांना दोष देणार नाही, आणि तूही देऊ नकोस.

आता मी हे का लिहिले ते सांगते. उद्या चौकशी समितीसमोर तो रिपोर्ट मांडायला मलाच बोलावले आहे. मी उभी राहून आधी सांगणार आहे की ही माझी सख्खी बहीण आहे, आणि मग सांगणार आहे की मी बनवलेला हा रिपोर्ट चुकीचा आहे. निदान तसे मी ठरवले आहे. पण समोर टेबलापलीकडे पाच माणसे बसलेली असतील, मॅडम त्यांच्या शेजारी असतील, आणि आजोबांची मुलगी माझ्याकडे बघत असेल. माझा घसा मी ओळखते. तो ऐन वेळी बंद पडतो, कितीही घोकले तरी. म्हणून हे सगळे मी एवढे उलगडून लिहिले आहे. टाकी, नळ, गाळणी हे तुझ्यासाठी नव्हते. तू अर्ध्या वाक्यात समजली असतीस. ते त्यांच्यासाठी आहे. संध्याकाळी मी हे पत्र तुझ्या हातात देईन आणि तू वाचून होईपर्यंत दाराशी उभी राहीन. त्या कागदावर सही करू नकोस. उद्या हे पत्र बरोबर घेऊन ये. मी बोलू लागले तर ते पर्समध्येच राहू दे. आणि मी गप्प झाले तर वाट बघू नकोस, उभी राहा आणि 'त्या संध्याकाळी काय झाले' इथून मोठ्याने वाचायला लाग. वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचतो ना तुझा आवाज, त्याच आवाजात वाच. घरातले वगळायचे असेल तर वगळ. नाही वगळलेस तरी चालेल. मी तुझ्या शेजारी असेन. मला फार भीती वाटते आहे, ताई, पण तू वाचत असशील तोवर मी खाली बसणार नाही.

उद्या सर्वांदेखत तुला बहीण म्हणणारी,
तुझीच
धाकटी